गामिदींचं ऐकावं का? सोसायटीच्या गप्पा ग्रुपवरून

नसरीन (बी-५०२): सगळ्यांना सलाम, नमस्कार. मेंटेनन्सच्या ग्रुपवर नको म्हणून इथे विचारतेय. आमची आयशा हल्ली कानात हेडफोन घालून जावेद अहमद गामिदींची लेक्चर्स ऐकत असते. काल जेवताना म्हणाली, दाढी हा दीनचा (धर्माचा) भाग नाही आणि संगीत हराम नाही. तिचे अब्बा ताटावरून उठले. हे गृहस्थ कोण, कुठल्या मसलकचे आणि भरवशाचे आहेत का? इर्शादभाई, तुम्ही मदरशात शिकलात, तुम्ही सांगा.

इनामदार चाचा (ए-२०४): बेटा, एका शब्दात सांगतो. मुनकिर-ए-हदीस. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी, न मानणारा. ना मदरसा, ना सनद. कोट घालून टीव्हीवर बसलं म्हणजे आलिम (धर्मपंडित) होत नाही. बंद करा ते.

आयशा: चाचा, ते हदीस नाकारत नाहीत. तुम्ही एक तरी लेक्चर शेवटपर्यंत ऐकलंय का?

इनामदार चाचा: विष आहे की नाही ते बघायला अख्खा पेला प्यावा लागतो का?

मुकादम (डी-१०३): चाचा, पेल्याचं राहू द्या, इथे टँकरच आला नाही अजून.

स्मिता (सेक्रेटरी): टँकर कोंढव्यात शिरलाय, दहापर्यंत येईल. आणि चर्चा जपून करा, दिवाळीतला फटाक्यांचा विषय आठवतोय ना सगळ्यांना?

देशपांडे काका (सी-३०१): जपूनच विचारतो. मसलक म्हणजे काय? मला शिया-सुन्नीपलीकडे फारसं माहीत नाही.

इर्शाद (ए-७०१): काका, नमाज कशी पढायची, जकात (संपत्तीवरचं बंधनकारक दान) किती, तलाक कसा, हा झाला फिकह. त्यात सुन्नींचे चार मजहब, म्हणजे फिकहच्या शाखा: हनफी, मालिकी, शाफई, हंबली. इमाम अबू हनीफा ७६७ साली गेले, इमाम शाफई ८२० साली, म्हणजे हे मतभेद बाराशे वर्षांचे आहेत. आपल्याकडे देशावरचे मुसलमान बहुतेक हनफी, कोकणी मुसलमान शाफई.

इर्शाद: मग हनफींच्या आतच देवबंदी आणि बरेलवी. देवबंदचा मदरसा १८६६ चा. बरेलीचे मौलाना अहमद रझा खान १९२१ साली वारले. दोघांची नमाज सारखीच, वाद दर्गा, मिलाद (पैगंबर जयंती) आणि पैगंबरांना गैबचं (अदृश्याचं) ज्ञान किती यावर. याला आपल्याकडे मसलक म्हणतात. अहले-हदीस तिसरे, ते म्हणतात चारांपैकी कुणाचीच तकलीद (अनुकरण) नको.

मुकादम: काका, आमच्या घरी या, दोन मजहब एका स्वयंपाकघरात दाखवतो. मी चिपळूणचा शाफई, बायको साताऱ्याची हनफी. हनफींकडे अंगावरच्या दागिन्यांवरही जकात आहे. साडेसात तोळे सोनं झालं की सगळ्यावर अडीच टक्के. शाफईंकडे बाईच्या रोजच्या वापरातल्या दागिन्यांना जकात नाही. दर रमजानला आई म्हणते सून फुकट पैसे घालवते. बायको म्हणते सोनं माझं, जकात माझी. मी मधे पडत नाही.

मुकादम: आणि कोळंबी! लग्नाच्या दावतीत सासऱ्यांनी कोळंबीच्या भाताला हात लावला नाही. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफींमध्ये दोन मतं आहेत म्हणे. आम्हाला समुद्रातलं सगळं चालतं. बाराशे वर्षांचा वाद आणि माझं अर्धं पातेलं उरलं.

देशपांडे काका: वा! मग हे गामिदी यात कुठे बसतात?

इर्शाद: चारांपैकी कुठेच नाही. देवबंद-बरेलीतही नाही. कॉलेज लाहोरचं, विषय इंग्रजी साहित्य. मदरशाची सनद नाही, चाचांचं ते बरोबर आहे. पण उस्ताद आहेत. अमीन अहसन इस्लाही (१९०४–१९९७), ज्यांनी ‘तदब्बुर-ए-कुरआन’ हा नऊ खंडांचा तफसीर (कुराणावरचं भाष्य) लिहिला. इस्लाहींचे उस्ताद हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०), आझमगडकडचे, शिबली नोमानींच्या नात्यातले. म्हणून या परंपरेला फराही म्हणतात. मूळ भारतातलंच आहे हे सगळं, पाकिस्तान नंतर आला.

इर्शाद: फराहींचं म्हणणं असं, की प्रत्येक सूरा (कुराणाचा अध्याय) एका मध्यवर्ती विषयाभोवती रचलेली आहे. सुटी आयत (वचन) उचलून हुकूम काढायचा नाही, मागचं-पुढचं बघायचं. आणि हदीस कुराणाच्या उजेडात वाचायची, कुराण हदीसच्या उजेडात नाही. वादाचं सगळं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे.

देशपांडे काका: आझमगड म्हणजे मौलाना वहिदुद्दीन खानांचं गाव ना? डिसेंबर ९२ नंतर आचार्य सुशीलकुमार आणि स्वामी चिदानंद यांच्याबरोबर त्यांनी मुंबई ते नागपूर शांतियात्रा काढली होती.

इर्शाद: तेच. त्यांचं शिक्षण सरायमीरच्या मदरसतुल इस्लाहमध्ये झालं, इस्लाहींचं नावही त्याच मदरशावरून. पण बघा, शिक्का किती कमी सांगतो. इस्लाही १९४१ मध्ये जमात-ए-इस्लामीच्या, म्हणजे मौदूदींनी काढलेल्या धार्मिक-राजकीय संघटनेच्या, सुरुवातीच्या लोकांत होते, १९५८ मध्ये बाहेर पडले. वहिदुद्दीन खानही जमातमध्ये गेले, बाहेर आले आणि १९६३ मध्ये मौदूदींच्या विचारावर अख्खं पुस्तक लिहिलं: दीनचा राजकीय अर्थ लावणं हीच मुळात चूक. गामिदीही काही काळ जमातमध्ये होते. तिघांची निघण्याची कारणं वेगवेगळी.

मुकादम: आणि ज्यांच्याशी हे सगळे भांडले ते मौदूदी जन्मले औरंगाबादेत, १९०३ साली. म्हणजे आपल्या मराठवाड्यातले.

इनामदार चाचा: इतिहास झाला. आता माझं ऐका. सनद म्हणजे भिंतीवरचा कागद नव्हे. शेवटच्या वर्षी उस्तादांसमोर बसून हदीसचे सहा ग्रंथ वाचावे लागतात. उस्ताद थांबवतात, रावी (हदीस पुढे सांगणारा) कोण, कसा, विचारतात. त्यांच्या उस्तादांनी त्यांना असंच थांबवलेलं असतं. इथे एक माणूस, त्याचा एक शागिर्द. आणि हे लोक इजमा (आलिमांचं एकमत) मोडणार? व्यभिचारात विवाहिताला रजम (दगडांनी मारण्याची शिक्षा), यावर चारही इमाम एक आहेत. फराही, इस्लाही, गामिदी म्हणतात ती शिक्षा त्या गुन्ह्याची नव्हेच. चारही इमाम चुकले आणि आझमगडला उत्तर सापडलं?

इर्शाद: चाचा, आता तुम्ही मुद्द्यावर आलात. मघाची ती शिवी होती, हा आक्षेप आहे. आणि वजनदार आक्षेप आहे.

आयशा: पण इर्शाद अंकल, बहुमत म्हणजे बरोबर असं कुठे आहे?

इर्शाद: नाही. पण बहुमत मोडणाऱ्यानं जास्त पुरावा द्यायचा असतो. गामिदी देतात का, ते बघायला पाहिजे. त्यांचं म्हणणं असं: सुन्नत म्हणजे अख्ख्या उम्मतीनं (मुस्लिम समाजानं) पिढ्यानपिढ्या करत आणलेली गोष्ट. नमाज, हज, खतना (सुंता). ती कुराणाइतकीच पक्की. हदीस म्हणजे एकेका माणसानं सांगितलेली हकीकत. ती समजावून सांगते, पण दीनमध्ये नवीन बंधन घालत नाही. त्यांच्या सुन्नतच्या यादीत दाढी नाही, म्हणून ते तसं बोलतात. हदीस मुळातच मोडीत काढणारे निराळे, गुलाम अहमद परवेझ वगैरे. गामिदींना त्या रांगेत बसवणं आळशीपणाचं आहे.

इर्शाद: संगीतात तर ते एकटे नाहीतच. चारही मजहबांचा कल वाद्यांविरुद्ध आहे हे खरं, पण कोर्दोबाचे इब्न हज्म हजार वर्षांपूर्वी म्हणत होते की मनाईच्या हदीस कच्च्या आहेत. इमाम गझालींनीही समाअला (भक्तिसंगीत ऐकण्याला) अटींवर परवानगी दिली. दाढीवर मात्र तसा जुना आधार शोधायला फार फिरावं लागेल. एकाच तोंडातून आलेल्या दोन गोष्टींचं वजन सारखं नसतं.

नसरीन: भाई, हे सगळं ठीक, पण माझ्यासारखीनं ओळखायचं कसं? मला ना अरबी येत, ना रावी कळत. रोज कुणीतरी नवीन मौलाना फॉरवर्ड होतो.

इर्शाद: भाभी, तुम्ही दोन प्रश्न एकात विचारलेत. कुठल्या घरचा, हे नावावरूनही कळतं. कासमी म्हणजे देवबंद, नदवी म्हणजे लखनौचा नदवा, मिसबाही म्हणजे मुबारकपूर, बरेलवींचं मोठं केंद्र. त्यावरून माणूस कुठे बसून वाचतोय एवढंच समजतं. अल्लामा आणि शेख तर कुणीही लावतं. आणि घर एक म्हणून माणसं एक नसतात. आमच्या अक्कलकुव्याच्या मदरशाचे मौलाना वस्तानवी, ज्यांनी संस्थेतून मेडिकल, इंजिनिअरिंग कॉलेजं काढली, ते २०११ च्या जानेवारीत देवबंदचे मोहतमीम (प्रमुख) झाले आणि जुलैत त्यांना जावं लागलं. दोन्हीकडे देवबंदीच होते.

इर्शाद: भरवशाचं माझं मोजमाप वेगळं आहे. जो विषय तुम्हाला घरातून नीट माहीत आहे तो घ्या. मुकादमांनी दागिन्यांची जकात घ्यावी. मग बघा, हा आलिम विरुद्ध बाजू कशी मांडतो. हनफी माणसानं ते ऐकून ‘हो, आमचं म्हणणं हेच आहे’ म्हटलं, तर पुढचं ऐकायला हरकत नाही. विरोधकाला जो मूर्ख किंवा विकला गेलेला ठरवतो, त्याची सनद कितीही मोठी असो, मी तिथेच थांबतो. आणि दोन मिनिटांच्या क्लिपवर काहीच ठरवत नाही. क्लिप कापणारा वेगळाच असतो.

देशपांडे काका: एक विचारू? हमीद दलवाईंनी १९७० मध्ये इथेच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. गामिदी त्याच वाटेवरचे म्हणायचे का?

इर्शाद: नाही काका. दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात बायकांचा मोर्चा काढला, तेव्हा मागणी सरकारकडे होती, कायद्याची. कुराणात हक्क सापडतो की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता. गामिदी कुराणाचा शब्द बंधनकारक मानूनच तोंड उघडतात. कधी दोघं एकाच ठिकाणी पोचतील, पण दलवाईंच्या माणसाला गामिदी फार धार्मिक वाटतील. आणि रागावू नका, आपल्याला पटेल असं बोलतो म्हणून तो खरा आलिम, हेही मोजमाप नव्हे.

देशपांडे काका: हं.

मुकादम: टँकर आला, सगळ्यांनी मोटर एकदम लावू नका.

नसरीन: आणि मसला (धर्माच्या नियमाचा प्रश्न) पडला तर? माझ्या मामेबहिणीला नवऱ्यानं एका दमात तीनदा म्हटलं होतं. हनफी मुफ्ती म्हणाले तलाक झाला. अहले-हदीसवाले म्हणाले तीन म्हणजे एकच, परत येऊ शकतात. ती बिचारी मधे लटकली.

इर्शाद: तो फरक खरा आहे भाभी. एका बैठकीतले तीन म्हणजे एक, हे जुने आलिम इब्न तैमियांचंही मत. आता तर २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि २०१९ चा कायदा आहे, त्यामुळे त्या तलाकला कायद्यात किंमत नाही. पण अशा वेळी यूट्यूब नको. तुमची सगळी हकीकत बसून ऐकेल अशा मुफ्तींकडे जायचं, उलट प्रश्न विचारता येतील असे. स्क्रीनवरच्या माणसाला तुमचं घर दिसत नाही, गामिदींनाही नाही आणि त्यांच्या विरोधकांनाही नाही.

इनामदार चाचा: हेच मी म्हणतोय. नाहीतर सोयीचं तेवढं उचलतात लोक.

मुकादम: म्हणजे दागिन्यांना शाफई, तलाकला अहले-हदीस, गाण्याला गामिदी. आमच्या साडूंचा हाच मजहब आहे, नाव ठेवायचं राहिलंय.

इनामदार चाचा: हसण्यावारी नेऊ नकोस. आमच्या उस्तादांना याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची.

इर्शाद: इथे मी पूर्ण चाचांच्या बाजूला. आयशा, तुला त्यांचं पटतं म्हणतेस, तर त्यांच्या जड अटीही घ्याव्या लागतील, फक्त गाणी नाही. त्यांचं ‘मीझान’ हे पुस्तक वाच. उर्दू जमत नसेल तर इंग्रजी भाषांतर आहे. आणि अब्बांना सांग, दाढी ठेवू नका असं गामिदी कुठे म्हणत नाहीत.

आयशा: ते मी काल सांगणारच होते, तेवढ्यात ते उठले. चाचा, मीझान तुम्हाला देऊ का वाचायला?

इनामदार चाचा: मी वाचणार नाही. तू वाच आणि रविवारी ये. त्यांचा हदीसचा मुद्दा मला तोंडी सांग, हातात मोबाइल न घेता. मी मधे मधे थांबवणार. सांगता आला तर पुढे बोलू.

आयशा: रविवारी माझा सीईटीचा क्लास आहे. सोमवारी?

इनामदार चाचा: सोमवारी. मगरीबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर. अब्बांनाही घेऊन ये.