दार लागतं, पण लागून राहत नाही: तुमच्याकडे काय निघालं?

दार लागतच नसेल तर माणूस लगेच हातपाय हलवतो. लागतं पण राहत नाही, अशा दाराशी मात्र घरं वर्षानुवर्षं जुळवून घेतात. फटीत वर्तमानपत्राची घडी, मुठीला नाडी, खाली जुन्या चपलेचा तुकडा, झालं काम! पावसाळ्यात तर हे घरोघरचं. तुमच्या दाराचं दुखणं नेमकं कुठं होतं आणि कशानं गेलं, तेवढं लिहा. ‘नवीन लॅच बसवा’ हा सल्ला दुकानदार फुकट देतो, तो इथे नको. माझं मत आधीच सांगते: बहुतेक वेळा कडी निर्दोष असते आणि शिक्षा तिलाच होते.

सुताराची लेक, मिरज
अगदी बरोबर. आमचे बाबा कडीकडे बघायचेच नाहीत. दार अर्धवट उघडायचे, मूठ धरून वर उचलल्यासारखं करायचे आणि नजर वरच्या बिजागरीवर. तिथं जराही हालचाल दिसली की निदान झालं. वरचे स्क्रू ढिले झाले की दार कडीच्या बाजूला खाली झुकतं. वरचा कोपरा चौकटीला घासतो, खालचा फरशीला, आणि लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीतल्या भोकाच्या खाली आपटते. मग लोक पट्टी हलवतात. पुढच्या वर्षी दार आणखी उतरतं, पट्टी आणखी खाली!

स्क्रू नुसता आवळून उपयोग नसतो, कारण भोकातलं लाकूडच खाऊन गेलेलं असतं. दाराखाली पाचर मारून वजन उचलायचं, मग स्क्रू काढायचे. बाबा बांबूची कामटी तासून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायचे, रात्रभर तसंच ठेवायचे. सकाळी पटाशीनं वरचं टोक सपाट उडवलं की दाभणानं नवं भोक पाडून स्क्रू. आगपेटीच्या काड्या भरणाऱ्यांवर त्यांचा राग होता. मऊ लाकूड, पुन्हा तीच रड. आणि हो, स्क्रू हातोडीनं ठोकणारा सुतार दिसला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

राजापूरची काकू
पावसात दाराला रंधा लावू देऊ नका हो! लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. श्रावणात घासतं म्हणून कड तासली की मार्गशीर्षात फट पडते आणि जीभ भोकापर्यंत पोचतच नाही. आमच्या फणसाच्या दाराचं असंच करायला निघाले होते, मी आडवी आले. घासतं तिथं मेणबत्ती नाहीतर कोरडा साबण चोळा आणि दिवाळीपर्यंत कळ काढा. तेव्हाही घासलंच तर खुशाल रंधा.

एक गोष्ट मात्र आज करून बघा. स्टुलावर चढून दाराच्या वरच्या कडेवरून हात फिरवा. खरखरीत कोरडं लाकूड लागलं तर रंगाऱ्यानं ती कड सोडलीय. दिसत नाही ना, मग कशाला रंगवतोय! खालची कड तर कुणी बघतच नाही. पाणी पितात त्या याच दोन कडा. उन्हाळ्यात दार उतरवून त्यांना दोन हात रंग द्या.

भाडेकरू, कोथरूड
घरमालक ‘बघू’ म्हणाले, म्हणजे मीच बघायचं. बिजागऱ्या घट्ट होत्या. मग जिभेवर ओलं कुंकू लावून दार लोटलं. पट्टीवर ठसा उमटला तो भोकाच्या खालच्या कडेवर, जेमतेम दोन मिलिमीटर खाली. एवढ्यासाठी पट्टी हलवायची गरज नाही, अर्धगोल कानशीनं भोकाची खालची कड तेवढी वाढवली.

तरी दार सुटायचंच! स्क्रूड्रायव्हर भोकात घातला तर आत जुन्या ऑइलपेंटचा वाळलेला गोळा आणि भुसा. जीभ पूर्ण बाहेर येतच नव्हती, टोकावर अडकून उभी होती. ते कोरून काढलं आणि खट्ट असा आवाज आला. लॅचमध्ये तेल घालू नका, धूळ धरून बसतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली तर जीभ छान सरकते.

न्यू जर्सीकर
आमचं रडगाणं उलट. इथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत होते, दारं आक्रसतात आणि जानेवारीत सुटायला लागतात. उन्हाळ्यात तीच घट्ट. इथली घरं लाकडी सांगाड्याची. चौकटीच्या पातळ फळीमागे जाडजूड उभा खांब असतो, पण बिजागरीचे स्क्रू बहुधा फळीतच संपतात. वरच्या बिजागरीतला एक स्क्रू काढून तिथे तीन इंची घातला की तो खांबात रुततो आणि चौकटीसकट दार वर ओढलं जातं. आवळताना फटीकडे बघत राहा, जास्त ओढलं तर दुसरीकडे घासेल. भारतात विटांच्या भिंतीत हा उपाय चालायचा नाही. तिथे चौकट हलत असेल तर होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सुटलेत का ते बघावं लागेल.

सतरावा मजला, ठाणे
आमच्याकडे दोष वाऱ्याचा. बाल्कनी उघडी असली की मुख्य दार शेवटच्या चार बोटांवर येऊन अडतं. दार आपोआप लोटणाऱ्या डोअर क्लोजरला दोन स्क्रू असतात (काही साध्या प्रकारांत एकच): एक दार किती वेगानं येतं त्याचा, दुसरा शेवटच्या टप्प्याचा. दुसरा पाव फेरा सैल केल्यावर लॅच बसायला लागलं. पाव फेराच बरं का. हौसेनं पूर्ण बाहेर फिरवला तर तेल गळतं आणि क्लोजर भंगारात.

फोंड्याहून
आमच्या जुन्या घराला भिंतीतल्या खोबणीतून सरकणारा अडसर आहे. ना स्प्रिंग, ना जीभ, बिघडायचं काय त्यात? चालू द्या तुमचं.

भाडेकरू, कोथरूड
अडसर बेडरूमला लावून देता का? 😀 एक उरलंच. दुसऱ्या खोलीचं दार न लोटता आपोआप उघडतं. ओळंबा धरला तर चौकटच बाहेर कललेली. आता?

सुताराची लेक, मिरज
बिजागरीचा खिळा निघतो का बघा. निघत असेल तर एकाच बिजागरीचा काढा, विटेवर आडवा ठेवून मध्यभागी हातोडीचा हलका ठोका. किंचित वाकला की परत घाला, दार जिथं सोडाल तिथं थांबेल. आपल्याकडे बऱ्याच बिजागऱ्यांचा खिळा पक्का बसवलेला असतो, मग हा नाद सोडा आणि वर चुंबकाचा कॅच लावा.

नवीन सभासद, नाशिक
आमच्या बाथरूमचं दार पीव्हीसीचं आहे. बिजागरीचे स्क्रू धरतच नाहीत. कामटीचा उपाय चालेल का?

सुताराची लेक, मिरज
नाही चालणार, पीव्हीसी आतून पोकळ असतं. त्याच भोकातून आरपार नट-बोल्ट घाला, मागे रुंद वॉशर. स्टेनलेसचेच घ्या, साधे बाथरूममध्ये गंजतात. नट फार आवळू नका, पत्रा आत दबतो.

नवीन सभासद, नाशिक
वॉशर किती रुंद?

सुताराची लेक, मिरज
बिजागरीच्या पानाएवढी पट्टीच घ्या ना मागून, वॉशरपेक्षा बरी. पट्टीची भोकं मात्र पान तिच्यावर धरूनच आखा.