नानकटाईची वाटी ग्रॅममध्ये कशी बसवायची?

वेलदोडा:
सासूबाईंच्या वहीत नानकटाईचं प्रमाण असं आहे: २ वाट्या मैदा, १ वाटी तूप, १ वाटी पिठीसाखर, पाव चमचा सोडा, वेलची. त्यांच्या हातची नानकटाई वरून छान तडकते आणि तोंडात टाकली की विरघळते. यंदा दिवाळीची ५ किलोची ऑर्डर घेतली, म्हणून सगळं ग्रॅममध्ये उतरवायला बसले. नेटवरच्या तक्त्यात १ कप मैदा १२० ग्रॅम, १ कप तूप २१८ ग्रॅम. वाटीच्या जागी कप धरला आणि २४० मैदा, २१८ तूप घेतलं. दहा मिनिटांत सगळे गोळे पसरून एकमेकांना चिकटले, कडा करपल्या. घरी कढवलेलं तूप होतं हो, फार जिवाला लागलं. कुठे चुकलं?

खमंग:
ताई, सासूबाई मैद्याची वाटी सपाट भरतात की शिगेची? तक्त्यातले १२० ग्रॅम म्हणजे चमच्याने हलकेच भरून, सुरीच्या पाठीने सपाट केलेला कप. पातळ तुपाला शीग येत नाही, मैद्याला येते. म्हणजे वहीतल्या मैद्याच्या दोन वाट्या तुपाच्या वाटीपेक्षा मोठ्या आहेत आणि तुमचा मैदा कमी पडला. तक्ता बाजूला ठेवा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. मग सासूबाईंनाच त्यांच्या सवयीने मैदा भरायला सांगा आणि तीनदा वजन करा. एकदाच केलंत तर फसाल.

सातासमुद्रापार:
कपाचंही देशागणिक वेगळं असतं. इथे अमेरिकेत कप साधारण २३७ मिलीचा. ऑस्ट्रेलियात २५०, आणि त्यांचा मोठा चमचा २० मिलीचा, आपल्या सेटमधला १५ चा. तक्ता कुठल्या देशाचा आहे ते आधी बघायचं.

आजीचा डबा:
सोडा मात्र चमच्यानेच घ्या. पाव चमचा म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम, आणि घरचा काटा एकेक ग्रॅमने पुढे जातो. तिथे काट्याचा भरवसा नाही.

वेलदोडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी सासूबाईंना ओट्यापाशी बसवलं. वाटीत पाणी मावलं १५० ग्रॅम. त्यांनी डब्यात वाटी खुपसून मैदा घेतला, ओट्यावर दोनदा आपटली, परत वर शीग चढवली. ही आपटण्याची गोष्ट वहीत कुठेच नाही, आणि इतकी वर्षं शेजारी उभी राहूनही माझ्या कधी लक्षात आली नव्हती! तीन वाट्या ११२, ११७, ११४ ग्रॅम भरल्या. तूप त्या वितळवूनच मोजतात, ते १३६. मोजल्यावर थिजवून फेसतात. पिठीसाखर सपाट, ८४.

आता वहीत त्यांच्या अक्षराखाली लिहिलंय: मैदा २२८, तूप १३६, पिठीसाखर ८४. आज सकाळी एक घाणा काढला. एकही गोळा पसरला नाही, प्रत्येकीवर तडा आला. सासूबाईंनी एक मोडून पाहिली आणि दुसरी उचलली. ऑर्डरीला असे बारा घाणे लागतील, उद्यापासून लागते.