अर्थशास्त्रामुळे लेखाशास्त्रातल्या संशोधनाचं भलं झालं की नुकसान?

खतावणी:
1968 च्या पेपरात रे बॉल आणि फिलिप ब्राउन या संशोधकांनी अर्थशास्त्राच्या पद्धतीने 261 अमेरिकी कंपन्यांचे नफे आणि त्यांच्या शेअरचे भाव शेजारी मांडून पाहिले. वार्षिक नफ्याच्या आकड्यातली 85 ते 90 टक्के माहिती बाजाराला आधीच लागलेली असते, असं निघालं. पेपर मोठाच आहे, वाद नाही. पण तेव्हापासून ‘हिशेब कसा लिहावा’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘आकड्याने भाव हलतो का’ एवढंच उरलं. याला मी नुकसान म्हणतो.

आर्टिकलशिपला (सीएच्या उमेदवारीला) असताना वर्षअखेरीला एका गोदामात पोती मोजायला गेलो होतो. खालून थप्पी चोख दिसत होती. वर चढलो तर मधे विहिरीसारखी पोकळ! भावांचे तक्ते मांडून ही पोकळी कोणाला दिसली असती?

ताळेबंद_प्रेमी:
थप्पी पोकळ का ठेवली होती, हे विचारलंत का? बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जातून, किती उचलता येईल हे स्टॉक स्टेटमेंटवर, म्हणजे दाखवलेल्या मालाच्या यादीवर ठरतं. माल जास्त दाखवला की उचल जास्त मिळते. हिशेब लिहिणाऱ्याचं हित कशात आहे, हा प्रश्न अर्थशास्त्राने शिकवला. वॉट्स आणि झिमरमन या संशोधकांनी 1978 मध्ये तोच विचारला. महागाईनुसार हिशेब बदलायचा प्रस्ताव अमेरिकेत आला होता. त्याला पाठिंबा देणाऱ्या बऱ्याच कंपन्या मोठ्या होत्या आणि त्या पद्धतीने त्यांचा नफा कमी दिसणार होता. जास्त नफा दिसला की सरकारचं लक्ष जातं, म्हणून. त्याआधी आपण हिशेबाच्या मानकांवर नुसती प्रवचनं देत होतो.

खतावणी:
कर्जाचा मुद्दा मान्य, तो मला तेव्हा सुचला नव्हता. पण वॉट्स-झिमरमन बोलतात ते कंपनीने उघडपणे घेतलेल्या भूमिकांबद्दल आणि नियमात बसणाऱ्या पद्धतींबद्दल. पोकळ थप्पी संशोधकांच्या डेटाबेसमध्ये येतच नाही, तिथे ती भरलेलीच असते. आणि हित समजलं तरी ‘मग हिशेब कसा असावा’ याचं उत्तर मिळत नाही. ते द्यायला कोणी बसतच नाही, कारण तसा पेपर छापून येणं अवघड.

कच्ची_वही:
माझं मत खतावणींच्या बाजूने, कारण सत्यम ही आयटी कंपनी. 7 जानेवारी 2009 ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं: ताळेबंदातले 5,040 कोटी रुपये रोख आणि बँकेत नाहीतच. त्या एका दिवसात शेअरचा पाऊण भाव गेला. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत बाजार खोटा आकडा खरा धरून चालला होता. बँकेकडून शिल्लक थेट आणि नीट पडताळली असती तर हे कितीतरी आधी कळलं असतं.

ताळेबंद_प्रेमी:
आदल्याच महिन्यात, डिसेंबर 2008 मध्ये, राजू कुटुंबाच्या मायटास कंपन्या सत्यमच्या पैशाने घेण्याचा बेत जाहीर झाला आणि गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे काही तासांत मागे घ्यावा लागला. तेव्हा ऑडिटर गप्प होते. प्रवर्तकाचं हित कुठे आहे हे ओळखलं, ते बाजाराने.

खतावणी:
हित ओळखलं, खरं. 5,040 कोटी नाहीत हे ओळखलं का?