शेकरांचं काय करायचं?

बायबलात हेरोद राजाची बायको हेरोदिया हिच्या मुलीच्या नाचापायी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शीर गेलं, म्हणून नाच म्हणजे वासनेचं दार, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा प्रोटेस्टंट उपदेशकांचा जुनाच आहे. पण कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या पवित्र पेटीपुढे, दावीद राजा नाचला, ते बायबलातल्याच २ शमुवेल या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात आहे. त्याला नावं ठेवणारी त्याची बायको मीखल होती, देव नव्हे.

आणि नाचानं माणूस बिघडतोच, तर शेकर या ख्रिस्ती पंथाचं काय? त्याची पुढारी अ‍ॅन ली १७७४ मध्ये मूठभर अनुयायी घेऊन इंग्लंडहून अमेरिकेत आली. लग्न नाही, शरीरसंबंध नाही, स्त्री-पुरुषांचे जिने आणि दरवाजेसुद्धा वेगळे. आणि हीच मंडळी उपासनेत नाचायची! आधी अंगात आल्यासारखी, मनाला येईल तशी. पुढे बसवलेल्या पावलांनी, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. बाहेरचे लोक बघायला यायचे म्हणे, तमाशाला यावं तसे. उलट टेक्सासमधल्या बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या बेलर विद्यापीठानं आवारातली नाचबंदी थेट १९९६ मध्ये उठवली. तोवर पोरं गावात जाऊन नाचतच होती. माझ्या मते खरी भीती नाचाची नव्हतीच, जोडीनं, कमरेला हात घालून नाचण्याची होती. गोव्यातल्या कॅथलिक लग्नात मात्र तेही चालतं, पाद्री जेवायला हजर असताना.