बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन, संध्याकाळी लगेच घरी सोडणार. तयारी काय करू?

पाऊलवाट (रविवार सकाळ)
नमस्कार मंडळी. बाबांचं (वय ६४) जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे, खाजगी हॉस्पिटलमध्ये, सकाळी ७ ला अ‍ॅडमिट आणि सगळं नीट झालं तर संध्याकाळी डिस्चार्ज. कमरेत इंजेक्शन देऊन जाळी बसवणार आहेत. त्यांना बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय रक्त पातळ करायची एक छोटी गोळी रात्री घेतात. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर फक्त "उपाशीपोटी यावे, जुने रिपोर्ट आणावेत" एवढंच आहे. बाबा म्हणतात सकाळी जायचं संध्याकाळी यायचं, त्यात कसली तयारी, पण घरात आम्ही दोघंच आहोत आणि मला दोन रात्री झोप नाही. उपाशी म्हणजे नक्की कधीपासून? सकाळचा चहा तरी चालेल का, त्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. आणि गोळ्यांचं काय करायचं?

मनीमाऊ
ताई चहा अजिबात नाही!! माझ्या मिस्टरांच्या वेळी हेच झालं होतं. मीच पहाटे अर्धा कप दिला, म्हटलं पातळच तर आहे, आणि तिथे भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर खरं सांगितलं तर त्यांनी ऑपरेशनच पुढे ढकललं. तेव्हा राग आला होता पण नंतर त्यांनी समजावलं की दूध पोटात गेलं की ते जेवणासारखंच धरतात, भुलेत उलटी होऊन ते फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. साधारण खाणं आणि दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली तर तीच पाळा. कमरेतलं इंजेक्शन असलं तरी उपाशी राहायचंच, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. आणि चुकून काही खाल्लं-प्यायलं गेलंच तर लपवू नका, तारीख पुढे गेलेली परवडली.

रात्रपाळी
मी डे केअर वॉर्डात नर्स आहे. गोळ्यांबद्दल उद्यावर टाकू नका, आजच फोन करा, सांगते का ते. शुगरच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी "फ्लोझिन" येतं, त्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी थांबवायला सांगतात, तुमचं गुरुवारी आहे म्हणजे उद्यापासूनच मोजायचे. बाकीच्या शुगरच्या गोळ्या बहुतेक त्या सकाळी बंद असतात कारण पेशंट उपाशी असतो, बीपीच्या काही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, काही नाही. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंदही करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, ती कशासाठी चालू आहे (स्टेंट आहे का वगैरे) ते बघून डॉक्टर ठरवतात. पाकिटं आणि स्ट्रिपा जशाच्या तशा पिशवीत घालून आणा, "पांढरी छोटी गोळी" असं सांगितलं की आम्हाला काहीच कळत नाही.

तिथले केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक कापलं की तिथून इन्फेक्शन व्हायची भीती, लागलं तर आम्ही मशीनने काढतो. अंगठी घट्ट झाली असेल तर आदल्या रात्रीच साबण लावून काढा. कवळी असेल तर डबी आणा. कानाचं मशीन असेल तर ते मात्र विसरू नका, मागे एक आजोबा मशीन घरी ठेवून आले आणि आम्ही काहीही विचारलं तरी हसून मान हलवायचे. अ‍ॅलर्जी आहे का यालाही हो आणि काही त्रास नाही ना यालाही हो. शेवटी त्यांच्या मुलाला आत बोलावून सगळं पहिल्यापासून विचारलं. सर्दी-खोकला ताप असेल तर आधी कळवा.

दीपस्तंभ७१
माझं स्वतःचं दोन वर्षांपूर्वी झालंय, दादा समजून सांगतो, खरी तयारी संध्याकाळची करा. पाय बधिर असतात, संवेदना परत आली असं वाटलं तरी पहिल्यांदा उठताना कुणीतरी धरायलाच हवं. लघवी झाल्याशिवाय सहसा सोडत नाहीत, या इंजेक्शननंतर ती अडते कधीकधी, बाबा संकोचाने सांगणार नाहीत म्हणून तुम्ही विचारा. खोकला किंवा शिंक आली की टाक्यांवर हाताने नाहीतर उशीने दाबून धरायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्या शिंकेला डोळ्यांसमोर अंधारी आली. निघण्याआधी रात्री काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा तो कागदावर लिहून घ्या. इन्शुरन्स असेल तर मंजुरी आधीच घ्या, त्या दिवशी काउंटरवर उभं राहायची वेळ येऊ नये. आणि पहिली रात्र त्यांच्या खोलीत झोपा.

पाऊलवाट (रविवार रात्र)
रात्रपाळी ताई, तुमचं वाचून लगेच स्ट्रिप बघितली. डॅपाग्लिफ्लोझिन!! हॉस्पिटलला फोन केला, भूलतज्ज्ञांनी स्वतः परत फोन करून उद्यापासून ती बंद करायला सांगितली आणि तेवढे दिवस शुगर घरी तपासून लिहून ठेवायची. रक्त पातळ करायची गोळी चालूच ठेवायची आहे. बाबांनी आत्ता चष्मा लावून सगळ्या गोळ्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली, आणि शेवटी लिहिलंय "झोपेची अर्धी गोळी, कधीकधी". ही मला माहीतच नव्हती. उद्या सकाळी परत फोन करते.