व्हिडिओ न पाहता येणाऱ्या वर्गाचे काय करावे?

प्रश्न: सोलापुरात एम.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवताना मी व्याख्यानाचा व्हिडिओ आदल्या दिवशी पाठवतो आणि तासाला उदाहरणे सोडवून घेतो. परंतु अक्कलकोट, मोहोळहून एसटीने येणारे निम्मे विद्यार्थी तो न पाहताच येतात. काय करावे?

उत्तर १: सर, व्हिडिओ दहा मिनिटांचाच ठेवा आणि डाउनलोड करता येईल असा द्या; वाटेत रेंज जाते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्याच शिक्षकांनी आपल्या व्याख्यानांचे असेच ध्वनिचित्रमुद्रण सुरू केले, तेही मुळात गैरहजर विद्यार्थ्यांसाठी.

उत्तर २: तासाला तोच भाग पुन्हा शिकवू नका, नाहीतर पाहून येणारेही पाहणे सोडतात, माझ्या वर्गात नेमके तसेच झाले. आता मी प्रत्येकाकडून दारातच अर्ध्या पानावर एक शंका लिहून घेते आणि त्याच शंकांवरून तास सुरू करते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, मॅडम. कोरे पानही स्वीकारता का?

उत्तर २: स्वीकारते, मात्र त्या विद्यार्थ्याने आधी मागच्या बाकावर बसून व्हिडिओ पाहायचा.