बटाट्याला पाला भरभरून, खाली मात्र गोट्या. कुठे चुकलं?

पालवी_२२

नमस्कार मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा बटाटे लावले आणि काल एक बॅग उलटी केली तर खरंच रडू आलं. सगळं नीट लिहिते म्हणजे तुम्हाला चूक शोधायला बरं पडेल.

घरात खायला आणलेल्या बटाट्यांना कोंब आले होते, ते घेतले, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राहतील असे कापले आणि कापल्या कापल्या लगेच लावले. काळ्या ग्रो बॅग आहेत, १२ बाय १२ इंचाच्या, एकूण ३, आणि प्रत्येकीत ४ तुकडे. अर्धी माती, अर्धं गांडूळ खत. बॅग काठोकाठ भरली आणि वरून दोन-तीन इंच खाली तुकडे खोचले. एक तुकडा उगवलाच नाही, उकरून बघितलं तर नुसता लगदा झाला होता. बाकीचे १२ दिवसांत वर आले आणि मग जे वाढलेत ना, अडीच फूट पाला, गर्द हिरवा, बघणारा प्रत्येकजण विचारायचा काय घालतेस म्हणून. मी दर आठवड्याला पेंड भिजवून तिचं पाणी देत होते, ते शेवटपर्यंत सुरू होतं.

काल ७२ दिवस झाले म्हणून एक बॅग ओतली. ११ बटाटे. सगळ्यात मोठा लिंबाएवढा, बाकी गोट्या, आणि त्यातले दोन वरवर आलेले ते चक्क हिरवे. सगळे मिळून वजन १९० ग्रॅम. इतका सुंदर पाला असून खाली काहीच कसं नाही? अजून दोन बॅगा तशाच उभ्या आहेत, त्यांचं तरी काही करता येईल का?

ओलमाती

ताई, रडू नका, दोन बॅगा हातात आहेत म्हणजे अजून बरंच हातात आहे. आधी दोन गोष्टी सांगा. बॅगा कुठे ठेवल्यात, दुपारचं ऊन थेट लागतं का? आणि ओतली तेव्हा मुळांबरोबर जाडसर पांढरे दोऱ्यासारखे फुटवे दिसले का, त्यांची टोकं कशी होती?

पालवी_२२

गच्चीवर आहेत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. दुपारी बॅगेला हात लावला तर चटका बसतो. आणि हो, पांढरे दोरे भरपूर होते, मी मुळंच समजले! काहींचं टोक आकडीसारखं वळलेलं आणि तिथे ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. दोन-तीन दोरे तर मातीतून वर येऊन त्यांना पानं फुटली होती, मला वाटलं नवीन रोप आलं.

ओलमाती

तुमच्या या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे बघा. ते दोरे म्हणजे मुळं नाहीत, खोडाच्या जमिनीखालच्या फांद्या आहेत. बटाटा हा मुळाचा भाग नाहीच, त्या फांदीचं टोक फुगून तो तयार होतो, म्हणून तर त्याला डोळे असतात. आता ती फांदी फुगणार की वर येऊन पानं काढणार हे झाड ठरवतं, आणि ते ठरवताना मुख्यतः दोन गोष्टी बघतं, गारवा आणि नत्र (नायट्रोजन).

बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला, उंचावरच्या थंड रात्रींचा. रात्रीचं तापमान १५ ते १८ अंशांच्या आसपास असेल तर पानांनी दिवसभर केलेली साखर खाली जाते आणि स्टार्च बनून कंदात साठते. माती तापून ३० च्या पुढे गेली की कंद धरणं जवळपास थांबतं, झाड मरत नाही, उलट वर वाढतच राहतं, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं झकास चाललंय. काळी बॅग आणि दिवसभराचं ऊन, म्हणजे आतली माती हवेपेक्षाही गरम होत असणार.

आणि दुसरं ते पेंडीचं पाणी. पेंडीत नत्र भरपूर असतं, त्यात तुमचं अर्धं मिश्रणच गांडूळ खत. सुरुवातीला पाला हवाच, पानं नसतील तर बटाटा कशावर पोसणार, पण उगवून महिना-दीड महिना झाला की झाडाला 'आता पुरे' असं कळावं लागतं. दर आठवड्याला नत्र मिळत राहिलं तर ते कशाला साठवणीच्या मागे लागेल, अजून एक फांदी, अजून चार पानं असंच करत बसतं. तो गर्द हिरवा रंग बघून लोकांनी कौतुक केलं तेव्हाच खरं तर पेंडीचं पाणी थांबवायला हवं होतं.

उरलेल्या दोन बॅगांसाठी, आजपासून पेंड बंद. बॅगेला बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि दुपारी ते ओलं ठेवा, जमलं तर दुपारनंतर सावली येईल अशा जागी सरकवा, पानांना सकाळचं ५-६ तास ऊन मिळालं तरी पुरतं. मातीवर वाळलेल्या पानांचा जाड थर द्या. आणि उपटू नका हो, पाला हिरवा आहे म्हणजे झाडाचं काम अजून चालू आहे. लवकर येणाऱ्या जातीलाही ७५-९० दिवस लागतात आणि उशिराची जात असेल तर ११०-१२० सुद्धा, शिवाय बटाट्याचं वजन बरंचसं शेवटच्या काही आठवड्यांत भरतं. तुम्ही ७२ व्या दिवशी काढलेत, त्यातले १२ दिवस तर उगवण्यातच गेले.

सरी_वरंबा

वरती ओलमाती यांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त बेण्याबद्दल, म्हणजे लावायच्या बटाट्याबद्दल बोलतो कारण माझ्या मते निम्मी चूक तिथेच झालीये. आमच्याकडे लहानपणापासून बटाटा शेतात बघत आलोय. कापलेला तुकडा कधीच लगेच लावायचा नाही. कापलेली बाजू ओली असते, ओल्या मातीत गेली की कुजते, तुमचा लगदा झाला तो त्यामुळेच. कापून सावलीत, हवेशीर जागी २-३ दिवस पसरून ठेवायचं, कापलेल्या भागावर सुकी खरखरीत कातडी धरते, बोटाला चिकटत नाही, मग लावायचं. तुकडा ३० ते ५० ग्रॅमचा हवा, त्यात कोंब स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंतची शिदोरी असते. लहान बटाटा असेल तर कापूच नका, अख्खा लावा.

दुसरं, खायच्या बटाट्यातून लावलं की गोंधळ होतो. एकतर त्याला कोंब येऊ नयेत म्हणून कधीकधी औषध मारलेलं असतं, मग कोंब नीट फुटत नाहीत. दुसरं म्हणजे त्यात विषाणू असू शकतो. मावा ही बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर तो नेते आणि कंदातून तो पुढच्या पिढीत जातो, वरून बटाटा चांगला दिसतो पण उत्पन्न दरवेळी घटत जातं. प्रमाणित बेणं मिळत असेल तर तेच घ्या. कोंब कसा हवा तर आखूड, जाड, एक-दीड सेंटिमीटरचा, टणक. त्यासाठी लावायच्या आधी ३-४ आठवडे बेणं उजेडात पण थेट ऊन नाही अशा जागी, डोळ्यांची बाजू वर करून मांडून ठेवायचं. अंधारात ठेवलं तर लांब पांढरे कोंब येतात आणि हात लागला की मोडतात.

आणि १२ इंचाच्या बॅगेत चार तुकडे फार झाले हो ताई. शेतात दोन झाडांत साधारण ३० सेंटिमीटर ठेवतो. बॅगेत एका झाडाला किमान १०-१२ लिटर माती धरा, म्हणजे तुमच्या बॅगेत दोन, मी तर एकच लावला असता.

गच्चीवरचा_मळा

सरी_वरंबा दादा, बेण्याचं पटलं, पण ताईंची बॅग काठोकाठ भरलेली होती त्याबद्दल कोणी बोललंच नाही. भर द्यायला जागाच ठेवली नाही ना! बॅग एक तृतीयांश भरायची, बेणं ठेवून वर १० सेंटिमीटर माती, रोप वीतभर झालं की खोड निम्मं झाकेल इतकी भर, परत वाढलं की परत भर. हिरवे बटाटे आले ते भर नसल्यामुळे. आणि जितकी भर तितके मजले, तितके बटाटे. मी राखही घालतो दोन मुठी, पालाश (पोटॅश) मिळतं.

सरी_वरंबा

भर हवीच, १००% मान्य, पण 'जितके मजले तितके बटाटे' हे सरसकट खरं नाही. लवकर येणाऱ्या जातीत बहुतेक कंद बेण्याच्या वरच्या थोड्याशाच पट्ट्यात धरतात, त्यावर तीन फूट माती चढवली तरी वरचा भाग रिकामाच निघतो. लोक उंच पिंप भरतात आणि शेवटी तळाशीच काय ते सापडतं, मग निराश होतात. भरीचा खरा उपयोग उजेड अडवणं, माती गार ठेवणं आणि करपा रोगाचा बुरशीसारखा जीव पावसाच्या पाण्याबरोबर कंदापर्यंत पोचू न देणं. तो उशिराचा करपा साधा रोग नाही, १८४५ पासून आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला तो यानेच. पानावर पाणी भरल्यासारखे काळपट डाग आणि सकाळी पानाच्या खालून पांढरी लव दिसली तर ते झाड त्याच दिवशी बाहेर काढा, वाट बघू नका. पाणी नेहमी बुंध्याशी आणि सकाळी.

राखेचं जपून करा दादा. राखेने माती अल्कधर्मी होते आणि बटाट्याला ५ ते ६.५ सामू (pH) आवडतो. सामू वाढला आणि कंद धरायच्या वेळी माती कोरडी पडली की सालीवर खवड्या येतो, खरबरीत खपल्या. आत बटाटा चांगला असतो पण दिसायला नको वाटतो.

गच्चीवरचा_मळा

अच्छा! माझ्या गेल्या खेपेच्या बटाट्यांवर अगदी अशाच खपल्या होत्या, मी पाणी जास्त झालं समजून ते कमी केलं होतं, म्हणजे उलटंच केलं. धन्यवाद दादा, राख बंद.

मोगरा_आणि_मिरची

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या बटाट्याच्या झाडाला फुलं गळून बारीक हिरवे टोमॅटोसारखे आलेत. चुकून टोमॅटो उगवला की काय? घरात दोन वर्षांची मुलगी आहे, ती तोडायला बघते.

ओलमाती

ताई, ते आत्ताच्या आत्ता तोडून टाका आणि मुलीच्या हाती लागू देऊ नका. ते बटाट्याचंच फळ आहे, टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळातले म्हणून तसं दिसतं, पण ते विषारी असतं. पालाही विषारीच. फळं काढल्याने बटाट्याचं काही नुकसान होत नाही. आणि एकच कूळ आहे म्हणून सांगते, ज्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची झाली तिथे लगेच बटाटा लावू नका, फेरपालट करा, रोग तेच असतात.

पालवी ताई, तुमचे ते दोन हिरवे बटाटे पण खाऊ नका बरं. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो स्वतः वाईट नाही, पण ज्या उजेडामुळे तो येतो त्याच उजेडामुळे सोलानिन हे विष वाढतं आणि ते उकडून किंवा तळून जात नाही. इतक्या लहान बटाट्यात हिरवं कापून उरणार काय, टाकूनच द्या.

पालवी_२२

टाकले. बाकी सगळं आजच केलं, गोणपाट गुंडाळलं, पेंड बंद, वर चार बोटं माती बसेल एवढी बॅगेची कड उभी करून भर दिली आणि वाळका पाला टाकला. बॅगा भिंतीच्या पूर्वेला सरकवल्या. दुपारी ३ वाजता मातीत बोट घालून बघितलं, पहिल्यांदाच गार लागली. कळवते.

पालवी_२२

ओलमाती ताई, सरी_वरंबा दादा, आहात का? आज ३८ दिवसांनी लिहितेय. २६ व्या दिवशी पाला पिवळा पडायला लागला, मी घाबरले पण वरचं परत वाचलं आणि थांबले. पाला आडवा पडल्यावर पाणी बंद केलं आणि आज दुसरी बॅग ओतली. १४ बटाटे!! ५ अंड्याएवढे, एक माझ्या मुठीत मावत नाही, एकही हिरवा नाही. एकूण ८७० ग्रॅम. माती हाताने बाजूला करताना पहिला पिवळसर तुकडा दिसला तेव्हा मी खरंच ओरडले. तिसऱ्या बॅगेचा पाला अजून अर्धा हिरवा आहे, तिला हात लावलेला नाही. आता हे धुवून ठेवू का? आणि यातलेच काही पुढच्या वेळी लावता येतील का?

सरी_वरंबा

वा ताई, मन भरून आलं. धुवू नका, सुकी माती हाताने झटका फक्त. एक बटाटा घ्या आणि अंगठ्याने जोरात घासा, साल सरकली तर अजून कोवळी आहे, ते लगेच खाऊन टाका. सरकत नसेल तर अंधाऱ्या, हवेशीर जागी १०-१५ दिवस एका थरात पसरा, खरचटलेलं भरून येतं, मग टोपलीत भरा. फ्रिजमध्ये नको, फार गारव्यात स्टार्चची साखर होते आणि तळताना काळे पडतात. बेण्यासाठी एखाद्या वेळेस घरचे चालतील, फक्त ज्या झाडाची पानं मुरडलेली किंवा चट्टेरी होती त्याचे घेऊ नका. लगेच लावले तर उगवणार नाहीत हेही सांगून ठेवतो, ताजा बटाटा साधारण २-३ महिने झोपलेला असतो.

पालवी_२२

घासून बघितलं, मोठ्या सगळ्यांची साल पक्की आहे, तीन लहानग्यांची निघाली. ते तीन वेगळे काढले. बाकीचे पलंगाखाली वर्तमानपत्रावर पसरलेत. तिसरी बॅग ओतली की वजन टाकते इथेच.